उरलेल्या गोळ्या

"तुमच्यात कुठं महालक्ष्म्या बसतात गं? तुला कशाला पायजेत गोळ्या?"

थोरल्या काकू असं म्हणल्या आणि उपकेंद्राच्या व्हरांड्यात बसलेल्या सगळ्या बाया हसल्या. कुणी पदर तोंडाला लावून, कुणी उघड. सिस्टरबी हसली. तिचं हसणं मला जास्त लागलं, कारण मला गोळ्या कशाला लागतात ते तिला चांगलं माहीत होतं.

भादव्याचा महिना होता. महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या. मी कामाला दांडी मारून सकाळीच उपकेंद्रात गेले होते. माझं गोळ्यांचं पाकीट संपलं होतं, दर महिन्याला नेते तसं दुसरं न्यायचं होतं. सिस्टर म्हणली, "संपल्या. वरून आल्याच न्हाईत." मी म्हणलं, कवा येतील? ती म्हणली, "सांगता येत न्हाई." एवढं बोलणं चालू होतं तवर थोरल्या काकू आल्या. त्यांच्यासाठी खुर्ची पुढं सरकली. सिस्टरनं काही न विचारता टेबलाचा खालचा खण उघडला आणि चार पाकिटं काढून त्यांच्या हातात ठेवली. घरात चार सुना, म्हणून चार पाकिटं. तीच पाकिटं, जी मला लागतात.

मी म्हणलं, "सिस्टर, हायत की गोळ्या."

तवा काकू बोलल्या ते. वरून आणखी म्हणल्या, "तुला पाळी आली काय न न्हाई आली काय, कुणाचं काय अडतंय?"

थोरल्या काकू म्हणजे आमच्या गावातल्या मोठ्या घरच्या. जमीन त्यांची, ट्रॅक्टर त्यांचा, पोरगा सरपंच. आमच्या बौद्ध वस्तीतल्या निम्म्या बाया त्यांच्याच रानात खुरपायला आणि सोयाबीन काढायला जातात. मीबी जात होते. त्यामुळं मी चप्पल घातली आणि घरी आले. रस्त्यानं येताना कान तापले होते. चुलीपुढं बसले तरी ते हसणं कानातून जाईना.

आता ह्या गोळ्यांचं नीट सांगते, म्हणजे कुणाला वाटायचं न्हाई की ही बाई एका पाकिटासाठी एवढं का बोलायली.

ह्या गोळ्या दिवस राहू नयेत म्हणून असतात. सरकार फुकट देतं. पण आमच्या गावात त्यांचा दुसराच धंदा चालतो. सण आला, सत्यनारायण आला, लग्न निघालं की मोठ्या घरच्या बाया ह्या गोळ्या खातात, पाळी पुढं ढकलायला. महालक्ष्म्या तर लय कडक. तीन दिवस मुखवट्यांपुढं राबायचं, सोळा भाज्या करायच्या, पुरण घालायचं, आणि त्यात एकाद्या सुनेला अडचण आली तर सगळं घर खोळंबतं. ती बाहेर बसणार, मंग स्वयंपाक कोण करणार? मंग घरात विटाळ झाला म्हणून काकू बोलून बोलून तिचा जीव घेणार. त्या सुनांचंबी मला काही सुखाचं दिसत न्हाई. गोळ्या खाऊन त्यांना मळमळतं, डोकं धरून बसतात, तरी खातात. देवीला त्यांच्या अंगातलं रक्त चालत न्हाई. वा रे सोवळं. आणि ते सोवळं सांभाळायला गोळी मात्र सरकारी, फुकटातली.

आता माझं. माझी दुसरी पोरगी झाली तवा मी मेल्यात जमा होते. रक्त थांबेना. गाडीत घालून परभणीला नेलं तवा सासूनं माझ्या डोक्याखाली मांडी दिली होती आणि ती सारखी माझ्या गालावर चापट्या मारायली होती, डोळे मिटू नको, डोळे मिटू नको. वाचले. घरी सोडताना डॉक्टर सासूला म्हणाला, "हिच्या अंगात रक्त न्हाई. तीन-चार वर्षं दिवस जाऊ देऊ नका. लगेच राहिलं तर पुढच्या वेळी बाई हाती लागणार न्हाई." ऑपरेशन करा म्हणलं तर तेबी रक्त वाढल्याबिगर करत न्हाईत. तांबी बसवली. ती मला मानवली न्हाई, अंगावरून इतकं जायचं की उभं राहवत नव्हतं, मंग काढली. राहिल्या गोळ्या. त्या पाकिटावर माझा जीव होता. थोरल्या काकूंच्या सुना बाहेर बसल्या असत्या तर फार तर पुरण बिघडलं असतं. मला गोळी न्हाई मिळाली तर माझ्या दोन पोरी आईबिगर राहणार होत्या. सिस्टरला दोन्ही माहीत होतं आणि तिनं खण काकूंसाठी उघडला.

तुमी म्हणाल, विकत घ्यायच्या. चारठाण्याला मेडिकल हाय की. हाय ना. काउंटरवर कायम बापयांची गर्दी, आणि दुकानदार काकूंच्याच भावकीतला. एकदा गेले होते मी, पोरीच्या तापाचं औषध घ्यायला. तिथं एक बाई चिठ्ठी दाखवून कायतरी हळू मागायली होती, तर तो म्हणला, "मोठ्यानं बोल, लाजतीस कशाला, करताना लाजली न्हाईस." गर्दी हसली. ती बाई चिठ्ठी तशीच घेऊन गेली. मी तवाच ठरवलं होतं, ह्याच्या दारात पाय ठेवायचा न्हाई. तरीबी मनात होतं, ह्या खेपेला दुसऱ्या गावाला, जिंतूरला जाऊन यावं. आमचे हे तवा पुण्याकडं बांधकामावर, सेंट्रिंगच्या कामाला होते, दसऱ्याला येणार होते. तवर येळ होता.

तेवढ्यात महालक्ष्म्या झाल्या.

आमी वस्तीतल्या दोघीतिघी दरवर्षी त्या घरी आधी आठवडाभर राबतो. अंगण, गोठा, भांडी, पितळी सगळी घासून काढायची. महालक्ष्म्या बसल्या की मंग आत यायचं न्हाई. तीन दिवस आमचं काम अंगणाच्या पलीकडं. आणि त्या उठल्या की उरलेलं न्यायला यायचं. पुरणाच्या पोळ्या, आंबील, भाज्या सगळ्या एकात एक झालेल्या. वाढणारा हात वर धरतो, आपण डबा खाली धरायचा. आता म्हणायला कुणी शिवाशिव पाळत न्हाई. हात मात्र वरच असतो.

त्या दिवशी काकूंचं मन मोठं झालं होतं. महालक्ष्म्या निर्विघ्न पार पडल्या होत्या, चारीबी सुना सोवळ्यात होत्या. डब्यात पोळ्या टाकल्या आणि म्हणल्या, "थांब जरा." आत गेल्या. पेपराच्या तुकड्यात बांधलेली पुडी आणली आणि वरून माझ्या हातात सोडली.

"त्या दिवशी मागायली होतीस न्हवं? घे. पांढऱ्या राहिल्यात त्या आमाला नवरात्राला लागतील. ह्या काळ्या आमाला नको. ह्या खाल्ल्या की पाळी येती."

पुडीत चारी पाकिटांतल्या खालच्या ओळीतल्या गोळ्या होत्या. तांबूस-काळ्या. कात्रीनं नीट कापून काढलेल्या. काकू दुष्टाव्यानं देत नव्हत्या. त्यांना खरंच वाटत होतं, आपण गरिबाची गरज भागवायलोय. घरात नको झालेलं लुगडं देतात, शिळी भाकर देतात, तशा गोळ्या दिल्या. मी त्या घेतल्या. मी म्हणलं, "बरं झालं काकू." हे शब्द माझ्या तोंडातून गेले. आजबी आठवलं की जिभेला कडू लागतं.

आता ऐका मला काय वाटलं ते. मला सिस्टरनं गोळ्या दिल्या तवा एवढंच सांगितलं होतं, रोज जेवण झालं की एक, वरपासून खालपर्यंत, चुकवायची न्हाई. पांढरी काय करती, काळी काय करती, कुणी शब्दानं सांगितलं न्हाई. मी दहावी पास हाय, पाकिटावरचं वाचायचा प्रयत्न केला होता, पण ते बारीक अक्षरात इंग्रजी. मला माझ्या अंगाचा अनुभव तेवढा माहीत होता. पांढऱ्या संपल्या, काळ्या सुरू झाल्या की दोन-तीन दिवसांत पाळी यायची. काकूबी तेच म्हणल्या, काळीनं पाळी येती. मंग मी विचार केला, पाळी आणती ती काळी. पाळी आली म्हणजे दिवस राहिले न्हाईत. म्हणजे खरं काम काळी गोळीच करती, पांढरी नुसती रांगेत उभी असती. आणि काकूंनी तर मला सगळ्या काळ्याच दिल्यात. चौघींच्या मिळून महिनाभर पुरतील.

हिशोब बरोबर होता की न्हाई सांगा. जेवढं मला कळू दिलं होतं, तेवढ्यावर ह्याच्यापेक्षा शहाणा हिशोब कुणी करून दाखवावा.

जिंतूरला जायचं मी रद्द केलं. काळ्या गोळ्या डब्यात ठेवल्या, डबा फळीवर. दसऱ्याला हे आले. धम्मचक्र दिनाला वस्तीत वंदना झाली, खीर झाली, पोरी बापाच्या खांद्यावरून उतरेनात. हे महिनाभर राहिले, सोयाबीन काढायला लागले. मी रोज जेवण झालं की एक काळी गोळी खायची. चुकवली न्हाई. एक रातबी चुकवली न्हाई. ह्यांनी एकदा विचारलं, "गोळ्या चालू हायत ना?" मी म्हणलं, हायत.

हे परत पुण्याला गेले आणि माझी पाळी आली न्हाई. आधी म्हणलं, कामाचा शीण असंल. मंग सकाळी तोंडाला पाणी सुटायला लागलं. चुलीचा धूर नको झाला. बाईला कळतं. मी कापूस वेचायला वाकले होते, तशीच खाली बसले. पऱ्हाटीत बसून रडले, कारण घरी सासूपुढं रडता येणार नव्हतं. मला पोटातल्याचं काही वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू. मला दोन पोरींचे चेहरे दिसायले होते, आणि गाडीत माझ्या गालावर पडणाऱ्या त्या चापट्या.

सासूला सांगितलं. ती उठून पिशवीत माझं लुगडं भरायला लागली. म्हणली, "उद्या परभणी."

परभणीच्या सरकारी दवाखान्यात बायांची रांग. आत डॉक्टर मॅडम, आणि त्यांच्याभोवती शिकाऊ नर्स पोरी, पांढऱ्या कपड्यातल्या. नंबर आला. मी सांगितलं, दिवस राहिलेत, मला नकोत, मागच्या खेपेला असं असं झालं होतं. रक्त तपासलं. मॅडम कागद बघून म्हणल्या, "एवढं कमी रक्त, आणि तरी राहू दिलंस? गोळ्या घ्यायला काय होतं? सरकार फुकट वाटतं."

मी म्हणलं, "घेतल्या मॅडम. रोज घेतल्या." आणि पिशवीतून डबा काढून दाखवला. तळाशी दोन-चार राहिल्या होत्या.

मॅडमनी एक उचलली, उजेडात धरली. मंग हसायला लागल्या. मान मागं टाकून.

"अगं या इकडं, बघा गं पोरींनो. ह्या बाईनं महिनाभर लोहाच्या गोळ्या खाऊन फॅमिली प्लॅनिंग केलंय."

पोरी हसल्या. एकीनं दुसरीला कोपर मारलं. रांगेतल्या बायांना काय झालं कळलं न्हाई तरी त्याबी हसल्या, मॅडम हसायल्या म्हणून. मला तिथं कळलं. काळ्या गोळ्या नुसत्या लोहाच्या, रक्त वाढायच्या. त्यांच्या दिवसांत पाळी येते, कारण तवा पांढऱ्या बंद झालेल्या असतात. हे एवढंच. हे सांगायला कुणाला किती येळ लागला असता? पाकीट हातात देताना दोन वाक्यं. ती दोन वाक्यं मला कुणी दिली न्हाईत, आणि आता त्यावर हसायला एवढ्या जणी जमल्या होत्या.

मॅडम हसून झाल्यावर म्हणल्या, "हे बघ, मोकळं करू. पण त्याच येळी ऑपरेशन करून घ्यायचं. न्हाईतर तुमी पुन्हा याल असलंच काहीतरी खाऊन. आणि नवऱ्याला बोलव, सही लागंल."

मी म्हणलं, "रक्त न्हाई म्हणून ऑपरेशन करता येत न्हाई असं ह्याच दवाखान्यात सांगितलं होतं."

"आता तू मला शिकवणार?"

"आणि नवरा पुण्याला हाय."

"मंग तो आल्यावर ये. तुमच्या लोकांना सगळं फुकट पायजे आणि अक्कल वापरायला नको."

तुमच्या लोकांना. ह्या दोन शब्दांनी माझ्या डोक्यात काय झालं मला सांगता येत न्हाई. उपकेंद्राच्या व्हरांड्यात मी गप बसले होते. पुडी घेताना बरं झालं म्हणले होते. आता सासू मागून पदर ओढायली होती, चल बाई, चल. पण मी हलले न्हाई. त्या शिकाऊ पोरींकडं वळले.

"तुमी हसलात. तुमाला हे कुणीतरी शिकवलं म्हणून तुमाला येतं. मला कुणी शिकवलं न्हाई. ह्यात हसण्यासारखं काय हाय ते मला सांगा."

एक पोरगी खाली बघायला लागली. हसणं थांबलं.

मंग मॅडमला म्हणलं, "मला दिवस नकोत. ऑपरेशन आज न्हाई करायचं, रक्त भरल्यावर मी माझं ठरवीन. मी इथंच बसती. मी मेले तर तुमच्या दारात मरंन, घरी न्हाई."

मॅडम म्हणल्या, "बस बाहेर." बसले. सासू माझ्या शेजारी. तिनं पिशवीतली भाकर काढून माझ्या मांडीवर ठेवली. दुपार झाली. मॅडमची ड्युटी संपली, त्या समोरून निघून गेल्या, बघितलंबी न्हाई. त्यांच्या जागी एक डॉक्टर आला, थकलेला, वयानं बराच. त्यानं माझा कागद वाचला. चार प्रश्न विचारले. मला पायजे का नको एवढं विचारलं. भरती करा म्हणला. रक्ताची बाटली लावली, मंग गर्भाची पिशवी साफ केली. तो माझ्याशी गोड बोलला न्हाई, माझ्या तोंडाकडंबी त्यानं धड बघितलं न्हाई. पण ऑपरेशनची अट घातली न्हाई. नवऱ्याची सही मागितली न्हाई.

खाटेवर पडल्या पडल्या मला ते समजलं. सही लागतच नव्हती. अट नव्हतीच. माझ्या एकटीच्या हो म्हणण्यावर ते होणार होतं, आधीपासून. सकाळी ज्या बाईनं मला अडवलं, तिनं आपल्या मनचं अडवलं होतं. म्हणजे सरकार देतं ते वेगळं, आणि आपल्यापर्यंत येईस्तोवर प्रत्येक जण त्यात आपापलं मिसळतो ते वेगळं. सिस्टरनं खण बंद ठेवला. काकूंनी पांढऱ्या काढून घेतल्या. मॅडमनी नवरा आण म्हणलं. आणि आमी प्रत्येक ठिकाणी समजत राहिलो की कायदाच असा असंल. माझी आई असंच समजत गेली. सासूनं सहा बाळंतपणं काढली, त्यातली तीन पोरं पुरली, तीबी असंच समजली. त्या खाटेवर मला रडू आलं न्हाई. राग आला.

घरी आले. आठ-पंधरा दिवस उठवत नव्हतं. सिस्टर बघायला आली. बाजेच्या कडेला बसली आणि म्हणली, "तू त्या काळ्या गोळ्यांवर राहशील हे मला काय माहीत? मला विचारायचं तरी."

मी म्हणलं, "विचारायला आले होते. तुमी हसलात."

तिचा चेहरा उतरला. म्हणली, "स्टॉक कमीच येतो गं. मागणी पाठवली तरी निम्मा येतो, कधी येतच न्हाई. आणि मी काकूंच्या खोलीत भाड्यानं राहती. उपकेंद्राची खोली गळती. त्यांना न्हाई कसं म्हणू?"

ती खोटं बोलत नव्हती. त्या गळक्या खोलीला सरकारनं बाहेरून रंग दिला, दारात नवा बोर्ड लावला, आत छत गळतंच हाय. बाई एकटी राहती, तिला आसरा लागतो. मला तिची कीव आली. पण कीव आली म्हणून मी सोडणार नव्हते. मी म्हणलं, "तुमच्या खोलीचा प्रश्न हाय सिस्टर. माझ्या जिवाचा हाय. तुमी दोन्ही एका खणात घातलेत."

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा होती. ग्रामपंचायतीपुढं सिमेंटचे गट्टू बसवलेल्या जागेत बापये सतरंजीवर, बाया कडेला भिंतीला लागून. मोठ्या घरच्या बाया येतच न्हाईत. आमच्या वस्तीतल्या येतात त्या झेंडा झाला की जातात. त्या दिवशी मी बसून राहिले. सरपंचानं गट्टूचं सांगितलं, दिव्यांचं सांगितलं, उपकेंद्राच्या रंगरंगोटीचं सांगितलं. टाळ्या झाल्या. कुणाचं काही हाय का, असं ग्रामसेवकानं विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं, कागद गोळा करायलाच लागला होता.

मी उठले. एवढ्या बापयांसमोर मी कवा उभी राहिले नव्हते.

"उपकेंद्रात पाळणा लांबवायच्या गोळ्या मिळत न्हाईत. त्याचं बोलायचंय."

कुणी तंबाखू मळायचा थांबला, कुणी मान खाली घातली. मागून एक म्हणला, "आगं, बाईमाणसांचं घरात बोलावं. इथं पोरंसोरं हायत."

सरपंच मऊ आवाजात म्हणला, "ताई, हा विषय आजच्या विषयांत न्हाई. आणि असल्या गोष्टी चारचौघांत बरं दिसत न्हाई."

मी म्हणलं, "रंगाचं चारचौघांत बोललात. ज्या इमारतीला रंग दिला तिच्यात गोळी न्हाई. ती गोळी सरकारी हाय. साबण घेतला, काडीपेटी घेतली, तेल घेतलं तर आमीबी सरकारला कर देतो, नुसते मोठे घरचे देत न्हाईत. महालक्ष्म्यांच्या आधी खणातली चार पाकिटं तुमच्या घरी गेली, पाळी ढकलायला. मला उरलेल्या गोळ्या दिल्या. लोहाच्या. त्यानं मला दिवस राहिले आणि मी मरता मरता वाचले. हे मला घरात बोलायचं नव्हतं. घरात बोलून झालंय."

पाळी हा शब्द त्या जागी कुणी उच्चारला नसंल. सरपंचाच्या तोंडाचा रंग गेला. तो उठला आणि ग्रामसेवकावर ओरडला, सभा संपली म्हणून सांगा. मी ग्रामसेवकाला म्हणलं, "लिहा. विषय, गोळ्या." तो पेन घेऊन नुसता बसला. त्यानं लिहिलं न्हाई. भिंतीकडच्या बायांपैकी माझी सासू तेवढी उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. बाकीच्या बसून होत्या, पण उठून गेलीबी कुणी न्हाई.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. त्यांच्या रानात मला काम न्हाई. मला न्हाई, आणि माझ्या सासूलाबी न्हाई. वस्तीतल्या दोन बाया येऊन म्हणल्या, आमचंबी काम जाईल, तू जाऊन काकूंच्या पाया पड, विषय मिटव. ह्यांचा पुण्यावरून फोन आला. आधी म्हणले, तुला कुणी सांगितलं होतं बोलायला. मंग म्हणले, "मला का सांगितलं न्हाईस गं, मी आणल्या असत्या." मी म्हणलं, तुमी एकदा आणाल. पुढच्या महिन्याला कोण आणंल? आणि जिचा नवरा न्हाई, जिचा दारूडा हाय, तिला कोण आणंल?

काम गेलं ते गेलंच. आता मी चारठाण्याच्या बाजूला दुसऱ्याच्या रानात जाते, एक तास चालत. संध्याकाळी पाय भरून येतात. उपकेंद्रात स्टॉक अजून कधी येतो, कधी येत न्हाई. काकू रस्त्यात दिसल्या तर तोंड फिरवतात. काही सुधारलं असं मी कुणाला सांगणार न्हाई, कारण सुधारलेलं न्हाई. वस्तीतल्या दोघी मात्र आता माझ्याबरोबर उपकेंद्रात येतात. आमी खणाकडं बोट करून उघडा म्हणतो, आणि उघडेपर्यंत व्हरांड्यातून उठत न्हाई.

काल काकूंचा पुन्हा निरोप आला. माफी माग, सोयाबीनला घेतो. निरोप आणणारी बाई दारात उभी होती, सासू माझ्या तोंडाकडं बघायली होती. घरात ज्वारी सरत आली हाय, ते तिला माहीत, मलाबी माहीत.

मी म्हणलं, "काकूंना सांग, माफी मागणार न्हाई. मागणारच हाय तर गोळ्या मागणार हाय. मोठ्यानं, बापयांसमोर, दर महिन्याला. आणि पांढऱ्या मागणार हाय."

सासूनं पाण्याचा तांब्या त्या बाईपुढं ठेवला आणि म्हणली, "पाणी पी आणि जसंच्या तसं सांग. एक शब्द गाळू नको."